वायफायची शिवाशिव

दारव्ह्यात त्यांना सगळे सोवळेभाऊ म्हणायचे. ते काही त्यांचं आडनाव नव्हतं. हे नाव कोणी पाडलं मला माहीत नाही, पण ज्याने पाडलं त्याला मानलं पाहिजे. माणूस बौद्ध घरातला, आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली, घरात ना देवघर ना उपासतापास, आणि गावभर नाव काय तर सोवळेभाऊ! दुसरा एखादा भांडायला उठला असता. हे हसायचे. कोणी नवीन माणूस जिन्याखाली उभा राहून बिचकत बिचकत "सोवळेभाऊ इथंच राह्यतात का?" असं विचारायचा, तेव्हा वरून आवाज यायचा, "इथंच. पहिले फोनले इमानात बसवा, मंग डब्यात टाका, मंग वर या."

फोन विमानात बसवायचा म्हणजे त्याचं नेट, वायफाय सगळं बंद करायचं. फोनमध्ये तसं विमानाच्या चित्राचं बटण असतं. आणि डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, पहिल्या पायरीजवळ तारेने टांगलेला. भाजीवाली असो, कुरिअरवाला असो की बँकेतला साहेब, फोन डब्यात. एकदा एक हवालदार कसल्याशा चौकशीला आले. म्हणाले, "मी ड्युटीवर आहो." भाऊ म्हणाले, "मीबी." हवालदारांनी खालूनच विचारायचं ते विचारलं आणि गेले.

हा सगळा तमाशा कशासाठी, ते सांगते. खाली खताचं दुकान आणि वर ओळीने खोल्या, असा तो मजला भाऊंनी भाड्याने घेतला होता. पूर्वी त्यांचा नेट कॅफे होता. हातोहाती मोबाइल आले आणि कॅफेत कोणी फिरकेना, तेव्हा त्यांनी हा उद्योग काढला. एकेका खोलीत एकेक ऑनलाइन दुकानदार बसवायचा, त्याच्या नेटची, कॉम्प्युटरची सगळी व्यवस्था आपण बघायची. मी तिथे कापसाच्या वाती विकायची. फुलवाती, लांब वाती, तुपात भिजवून डबीत भरलेल्या वाती. आमच्या गल्लीतल्या बाया वळून द्यायच्या, मी पाकिटं भरून देशभर पाठवायची. शेजारच्या खोलीत कमलताई होती. ती तांड्यावरच्या बायांकडून आरसे लावलेल्या भरतकामाच्या पिशव्या करून घ्यायची. पलीकडे एक हळदवाला.

तर त्या ऑनलाइन बाजाराचा कायदा असा, की एका माणसाचं एकच खातं. एखाद्याने लबाडी केली तर कंपनी त्याचं खातं बंद करते. मग तो बायकोच्या नावाने, साळ्याच्या नावाने दुसरं उघडतो, म्हणून कंपनीही टपून बसलेली असते. बंद झालेलं खातं ज्या वायफायवर दिसलं, त्याच वायफायवर दुसरं खातं दिसलं, की कंपनीला वाटतं, हा तोच माणूस, टोपी बदलून आला. तेही बंद. तिथे विचारणारा माणूस नसतो. सगळं यंत्रच ठरवतं.

पहिल्याच दिवशी भाऊंनी मला हे समजावून सांगितलं ते त्यांच्या भाषेत. "ताई, तुमचं खातं चांगलं, कमलताईचं चांगलं. पन बंद पडलेल्या खात्याचा एखादा मानूस आला आन् तुमच्या वायफायले शिवला, का तुम्ही गेल्या. मंग कमलताई तुमच्या वायफायले शिवली, का ते गेली. अंघोळ करूनबी जात नाही हा विटाळ." हा शब्द त्यांच्या तोंडी कसातरीच वाटला. त्यांना ते कळलं असावं. हसून म्हणाले, "आमच्या आज्यानं जे गावात टाकून देल्लं, ते मी धंद्यात उचलून आनलं. पोटासाठी मानूस काय काय करते, पाहा."

मग ती शिवाशिव त्यांनी अशी पाळली, की आमच्या सासूबाईंनी हात टेकले असते. प्रत्येक खोलीची लाईन वेगळी, राउटर वेगळा, कॉम्प्युटर वेगळा, चार्जरसुद्धा वेगळा. प्रत्येक वस्तूवर खोलीच्या रंगाची चिकटपट्टी. माझा पिवळा, कमलताईचा लाल. एकदा माझा प्रिंटर रुसला, म्हणून मी लॅपटॉप उचलून कमलताईकडे निघाले, तर हा माणूस दारात दोन्ही हात पसरून उभा! "बाप्पा बाप्पा! पिवळं लालात कायले नेता?" मी म्हटलं, "भाऊ, एक चिठ्ठी छापाची आहे, संसार मांडाले नाही चालली." नाही म्हणजे नाही. ती चिठ्ठी मी बाजारातून छापून आणली.

लाईट जाऊन परत आली की आम्ही सगळे पंख्याखाली बसायचो आणि भाऊ खोल्याखोल्यांतून फिरायचे. लाईट येताना एखाद्या कॉम्प्युटरने चुकून शेजारचं नेट पकडलं की काय, ही त्यांना धास्ती. "शिवलं नाही ना कुठं?" असं प्रत्येक दारात विचारायचे.

वायफायला नावं द्यायची त्यांची तऱ्हाही न्यारी होती. सगळी नावं एस.टी.ची. माझ्या वायफायचं नाव 'आर्णी जलद', कमलताईचं 'पुसद साधी', हळदवाल्याचं 'यवतमाळ विनाथांबा'. का, तर म्हणे, एस.टी. जशी आपापल्या फलाटावर लागते, तसं हे. त्याचा परिणाम असा झाला, की खाली जीपची वाट बघणाऱ्यांच्या फोनवर ही नावं दिसायची. एक म्हातारेबुवा एकदा जिना चढून आले आणि म्हणाले, "आर्णीची गाडी मोबाइलवर दिसून राह्यली, सुटते कधी?" भाऊंनी त्यांना पाणी दिलं आणि स्वतः स्टँडवर सोडून आले. फोन मात्र आधी डब्यात टाकायला लावला होता.

माणूस विक्षिप्त होता, पण लबाडीच्या वाटेला कधी गेला नाही, हे लिहिलं पाहिजे. पुसदचे एक शेठ आले होते. त्यांना एकट्याला दहा खाती पाहिजे होती. एक बायकोच्या नावाने, एक ड्रायव्हरच्या, एक चौकीदाराच्या. भाऊंनी चहा पाजला आणि म्हणाले, "शेठ, दहा मानसं आना, दहा लाईनी टाकून देतो. एका मानसाले दहा तोंडं लावाचं काम माह्यापाशी होत नाही." शेठ फणफणत उतरले. जाताना डब्यातून दुसऱ्याचाच फोन घेऊन गेले आणि अर्ध्या वाटेतून परत आले, त्यात आमची दुपार हसण्यात गेली.

असाच नकार त्यांनी गजूभाऊला दिला होता. गजूभाऊ जवळच्याच खेड्यातला, कपाशी-तुरीची चांगली शेती असलेल्या घरातला. त्याने मोबाइलची कव्हरं विकायला काढली आणि त्यावर मोठमोठ्या कंपन्यांची चिन्हं छापली. तक्रारी झाल्या, खातं कायमचं बंद. खातं होतं वडिलांच्या नावावर, कारण जीएसटीचा नंबर वडिलांचा. गजू आता बायकोच्या नावाने नवं उघडायला खोली मागत होता. भाऊंनी त्याला जिना चढू दिला नाही. खाली टपरीवर मात्र गळ्यात हात टाकून चहा प्यायचे. "मानूस आपला आहे, खातं आपलं नाही," म्हणायचे.

गजूच्या वडिलांना सगळे बापू म्हणत. भाऊंचे आजोबा बापूंच्याच गावचे. त्या आजोबांनी बापूंच्या घरची पिढीजात कामं केली होती, आणि पाणी प्यायचं तर अंगणात, वरून ओतलेलं. बापू तेव्हा लहान होते, पण बघितलेलं होतं. हे मला भाऊंनी नाही, वहिनींनी सांगितलं. भाऊ असल्या गोष्टी बोलत नसत.

वहिनी म्हणजे भाऊंची बायको. हिचं सगळं उलटं. हिच्या घरी आलेला माणूस खाल्ल्याशिवाय सुटत नसे. भाऊंनी यवतमाळ रोडवर नवीन घर बांधलं, तेव्हा बुद्धवंदना झाल्यावर दुपारी जेवण ठेवलं. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, वर तुपाची धार. आम्ही सगळे दुकानदार गेलो. स्वयंपाकघरात माझ्या फोनला रेंज मिळेना आणि मला एका गिऱ्हाईकाला उत्तर द्यायचं होतं. वहिनी म्हणाल्या, "आमचं वायफाय लाव नं. 'घर' म्हनून दिसते. पासवर्ड 'याबसा'."

"याबसा?"

"हाव. ह्यायनं काय तरी आकडे-बिकडे ठेवले होते. म्या बदलून घेतलं. पाहुन्याले सांगाले सोपं पाह्यजे."

मी लावलं. कमलताईनेही लावलं, हळदवाल्यानेही. लग्नघरात बोट बुडवून सगळे जण एकाच वाटीतलं कुंकू घेतात, तसं आम्ही त्या एका वायफायवर आलो, आणि धंद्याचं ॲप आमच्या फोनमध्येच आहे, हे एकालाही आठवलं नाही. कामावर डब्याची सवय लागलेली. इथे डबा नव्हता, म्हणून आम्ही बेफिकीर.

पंगत बसायच्या वेळी बापू आले. गजू त्यांना गाडीवर घेऊन आला होता. अंगणातल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. बापूंच्या घरातलं माणूस भाऊंच्या घरी जेवायला बसेल, हे त्या गावच्या कोणाला कधी वाटलं नव्हतं. बापूंनी चपला काढल्या, हात धुतले आणि येऊन माझ्या शेजारच्या पाटावर बसले. दोन रोडगे खाल्ले, तिसरा मागून घेतला आणि म्हणाले, "तूप हात आखडून वाढू नका व माय." वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुरामुळे आलं असं त्या अजून म्हणतात.

जेवण झाल्यावर बापूंना पुण्याची नात फोनवर बघायची हुक्की आली. गजूचा फोन घेतला, तर नेट नाही. त्यांनी भाऊंना हाक मारली. "अरे, तुह्या घरचं ते वायफाय याले लावून दे बरं." भाऊंनी फोन हातात घेतला. तसेच जरा उभे राहिले. मग पासवर्ड टाकला आणि फोन परत दिला. नात पडद्यावर आली. "आबा, कुठं आहात?" बापू म्हणाले, "जेवाले आलो, बाई. घरचेच लोक आहेत." मी तेव्हा कौतुकाने बघत होते. पुढे काय वाढून ठेवलंय, माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

आठवडा उलटला नाही तोच कंपनीचा निरोप आला. आपलं खातं एका बंद केलेल्या खात्याशी संबंधित आढळलं आहे, सबब थांबवण्यात येत आहे. मला, कमलताईला, हळदवाल्याला, तिघांनाही. गजूच्या फोनमध्ये ते बंद पडलेलं खातं अजून तसंच होतं.

वातींचं सगळं वर्ष म्हणजे दिवाळी आणि कार्तिक. बाकीचे महिने नुसते ढकलायचे. दिवाळी तोंडावर आलेली, खोलीत छतापर्यंत पाकिटं रचलेली, गल्लीतल्या बायांनी सुट्टीच्या दिवशीही वळलेल्या वाती, आणि पडद्यावर माझं दुकान लाल अक्षरांत बंद. माझं डोकंच फिरलं. मी फोन डब्यात न टाकता धाडधाड जिना चढले. भाऊ वरच्या पायरीवर बसले होते. फोनबद्दल काही बोलले नाहीत, तिथेच मी ओळखलं.

"माह्या घरूनच शिवलं, ताई," ते म्हणाले.

"तुम्हाले तवाच समजलं होतं?"

"बापूनं फोन हातात देल्ला, तवाच."

"मंग बोलले काहून नाही?" मी ओरडले. "एकमेकीच्या प्रिंटरले शिवू देत नाही तुम्ही! तिथं एक शब्द बोलाले काय झालं होतं? शिवू नका, इतकंच तर म्हनाचं होतं!"

भाऊ म्हणाले, "तोच तर शब्द होता, ताई. बापू माह्या घरी पाटावर बसून जेवले. त्यायले मी म्हनू, आमच्या वायफायले शिवू नका?"

मी म्हटलं, मग पाहुण्यांसाठी वेगळी लाईन घ्यायची होती घरी. एवढे रंग, एवढ्या पट्ट्या, आणि स्वतःच्या घरात एक जास्तीची लाईन नाही? त्यावर ते हसले, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "आज्याचा कप हॉटेलाबाहेर कुडात खोचलेला राह्ये. वेगळा. त्यानं येऊन काढाचा, पिऊन धुवाचा, परत खोचाचा. मी पाहुन्यायचं वायफाय कुडात खोचू का?"

माझा राग गेला, असं नाही. खोटं कशाला बोलू? त्यांचं बरोबर होतं आणि माझ्या वाती तशाच पडून होत्या.

कंपनीकडे दाद मागायची तर दोन्हीकडून लिहून पाहिजे होतं. आम्ही लिहायचं, की बंद खात्याच्या मालकाशी आमचा कोणताही संबंध नाही. आणि त्या मालकानेही तेच लिहून सही करायची. मालक कागदोपत्री बापू. आम्ही जीप करून त्यांच्या गावी गेलो. भाऊ, मी आणि कमलताई. गजूने खाटेवर गोधडी अंथरली. तो बिचारा शरमेने अर्धा झाला होता, काय म्हणाल त्यावर सही करायला तयार होता. पण सही बापूंची लागत होती.

भाऊंनी मजकूर मराठीत वाचून दाखवला. "माझा या व्यक्तींशी कोणताही संबंध नाही." खाली नावं. भाऊंचंही नाव होतं, कारण वायफाय त्यांच्या नावावर.

बापूंनी चष्मा काढला. "कोनताच?"

"हाव, बापू," गजू म्हणाला. "धंद्याचं आहे. कागदावरचं."

"कागदावरच तर पक्कं होते." बापूंनी पेन खाटेवर ठेवला. "हे मी नाही लिहून देत. माह्या बापानं जनमभर हेच म्हनलं याच्या आज्याले. आमचा तुमचा काही संबंध नाही, अंगनात राह्य. आता मी याच्या घरी तीन रोडगे खाऊन आलो, आन् लिहून देऊ संबंध नाही?"

मला रडूच कोसळलं. "बापू, माही दिवाळी चालली व! बायायनं हात दुखेपर्यंत वाती वळल्या. तुमची एक सही..." कमलताईने माझा हात धरला. तीही तिच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत काहीतरी पुटपुटत होती, देवालाच म्हणत असावी.

बापूंनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "पोरी, सही नाही करत असं कुठं म्हनलं म्या? खोट्यावर नाही करत. खरं काय आहे ते लिहा, मी दहा जागी करतो."

भाऊ उठून अंगणात गेले. मी मागून गेले, तर पाठ करून उभे, खांदे हलत होते. मी मुकाट्याने परत आले. मग त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला, अंगणातच बसले आणि टाईप केलं. आधी मराठीत, मग त्याचं इंग्रजी. आम्हाला वाचून दाखवलं.

"आमचा एकमेकांशी धंद्याचा संबंध नाही. जेवणाचा आहे. त्या दिवशी आम्ही सगळे एका घरी जेवायला होतो, आणि वायफाय त्या घरचं होतं."

मी म्हटलं, भाऊ, कंपनी हे फेकून देईल. त्यांना 'संबंध नाही' एवढंच पाहिजे, जेवणाचा रकाना त्यांच्याकडे नाही. कमलताई म्हणाली, "राहू दे व. खरं आहे." बापूंनी सही केली, सावकाश, एकेक अक्षर जोर देऊन. त्याखाली माझी, कमलताईची आणि शेवटी भाऊंची. हळदवाल्याची सही दारव्ह्याला परतल्यावर घेतली. मी मनातल्या मनात दिवाळीवर पाणी सोडलं.

आणि दिवाळी गेलीच. पाडव्याच्या दिवशी मी त्या पाकिटांसमोर बसून भाऊंना, बापूंना, त्या वायफायला आणि स्वतःलाही मनसोक्त शिव्या घातल्या. भाऊबीज झाल्यावर निरोप आला. आपलं खातं पूर्ववत सुरू करण्यात येत आहे. एवढंच. जेवणाबद्दल कोणी काही लिहिलं नव्हतं. कोणी माणसाने वाचलं की यंत्राने, देव जाणे. कार्तिकात, त्रिपुरी पौर्णिमेच्या आत माझा बराचसा माल निघाला. सगळा नाही निघाला. बायांना मी तोंड दाखवू शकले, एवढं झालं.

भाऊंनी दुसऱ्या दिवसापासून नियम आणखी कडक केला. धंद्याचा फोन वेगळा, तो रात्रंदिवस डब्यात. बाहेर न्यायचाच नाही. घरी जाताना साधा फोन न्यायचा. आम्ही कुरकुर केली, तर म्हणाले, "ताई, खातं डब्यात ठेवा. मानूस मोकळा सोडा."

आता मी यवतमाळला असते. माझी खोली, माझी लाईन, दाराशी माझाही एक डबा. दारव्ह्याला जाणं झालं, की साधा फोन घेऊन जाते. बापू बहुतेक वेळा भाऊंच्या घरी पाटावर बसलेले असतात आणि तुपावरून वहिनींशी त्यांची हुज्जत चाललेली असते. पासवर्ड कोणी बदललेला नाही. मी त्या घराच्या फाटकाशी आले, की पर्समधला फोन आपोआप 'घर' पकडतो, आणि तेवढ्यात आतून वहिनींची हाक येते, "या, बसा."